किरळ लागल्यावर पंचनामा नको, औषध हवे

(रामदासपेठ, नागपूर येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



ढोरांना विषबाधा झाली म्हटले की आपण धुऱ्यावर धोतरा, कण्हेर, घाणेरी शोधतो. पण कोरडवाहू मुलखातले सर्वांत फसवे विष आपण स्वतःच पेरतो. ते म्हणजे कोवळी ज्वारी. ती खाऊन ढोर पडले की जुनी माणसे म्हणतात, किरळ लागली.

ही करणी नाही, हे रसायन आहे. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचा पदार्थ असतो. डन्स्टन आणि हेन्री या शास्त्रज्ञांनी तो १९०२ साली ओळखला. पान चावले की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. मग रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही. रक्त लालभडक दिसते. ढोर धापा टाकते, थरथरते, तोंडाला फेस येतो आणि ते आडवे होते. कधी कधी पंधरा-वीस मिनिटांत सारे संपते.

धोका केव्हा? पीक गुडघाभर असताना. पावसाने ताण दिल्यावर. कापणीनंतर खुंटांना फुटवे आल्यावर. युरिया जास्त पडला असेल तर आणखी. अशा वावरात उपाशी ढोर कधीच सोडू नका. फुलोऱ्यानंतर धोका बराच उतरतो, आणि नीट वाळलेल्या कडब्यात तो फारसा राहत नाही. मात्र युरियाने आणि ताणाने धांड्यात नायट्रेटही साठते. ते वाळवून जात नाही. त्या विषबाधेत रक्त तपकिरी होते आणि तिचे औषध वेगळे आहे. म्हणून जनावराने काय खाल्ले आणि रक्ताचा रंग कसा, हे डॉक्टरांना आधी सांगा.

गुराख्याला शिव्या देऊन भागणार नाही. वावरात कापूस आणि सोयाबीन वाढले, ज्वारी हटली, कडबा घटला. वैरण नसली की ढोर दिसेल त्या हिरव्यावर तुटून पडते.

किरळीवर उतारा आहे. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही औषधे डॉक्टर शिरेतून देतात. दुसरे तर फोटो धुणारे वापरत तेच हायपो. काही सोन्याच्या मोलाचे नाही. पण हा घटकेचा सामना आहे. औषध जिल्ह्याच्या गोदामात आणि ढोर गावात, तर त्याचा उपयोग काय? धापा टाकणाऱ्या ढोराला काही पाजू नका, ते श्वासनळीत जाते. थेट डॉक्टरांना बोलवा.

आपली मागणी एकच. मृगाआधी प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात ही दोन्ही औषधे असलीच पाहिजेत. आजपासून प्रत्येकाने आपल्या दवाखान्यात जाऊन विचारावे, साठा किती आणि मुदत केव्हापर्यंत, ते लिहून आणावे. पुढच्या बैठकीत तालुकावार यादी करू आणि तीच घेऊन जिल्हा परिषदेत जाऊ. पेरणीच्या तोंडावर बैल गेला तर हंगाम जातो. त्याची भरपाई पंचनाम्याने होत नाही.