सायकल सापडत नाही

व्हित्तोरियो डी सिका यांचा १९४८ सालचा ‘बायसिकल थीव्ह्‌ज’ हा इटालियन चित्रपट मी कॉलेजात असताना प्रथम पाहिला आणि, खरे सांगतो, चिडून बाहेर पडलो. सायकल सापडतच नाही! तिकिटाचे पैसे फुकट गेले, असे वाटले.

युद्धानंतरचे रोम. भिंतींवर जाहिराती चिकटवण्याची नोकरी. पण तिला स्वतःची सायकल हवी. बायको अंथरुणावरच्या चादरी गहाण टाकते, सायकल सोडवून आणतात, आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. बापाचे काम करणारा लांबेर्तो माज्जोरानी हा नट नव्हे, कारखान्यातला कामगार. त्याचे ते थकलेले चालणे कोणा नटाला साधले असते, असे मला वाटत नाही.

पुढे मीही बाप झालो, आणि मुलाला घेऊन तोच चित्रपट पुन्हा पाहिला. अखेरीस हा माणूस दुसऱ्याची सायकल पळवतो. लोक त्याला धरतात, मारतात. छोटा ब्रूनो ते सारे पाहतो. मुलांपुढे आदर्श ठेवावा, असे आपण म्हणतो. ते खरेच. पण ब्रूनो बापाची खाली पडलेली टोपी उचलतो, झटकतो, आणि मग रडणाऱ्या बापाचा हात धरतो.

शेजारच्या खुर्चीकडे पाहण्याचा धीर मला त्या वेळी झाला नाही.