बीज, भूमी आणि सिकलसेल

(वर्धा शहरालगतच्या बोरगाव मेघे येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

‘खाण तशी माती’ ही म्हण मराठी मुलखात सर्वतोमुखी आहे. आईवडिलांचे गुण लेकरांत उतरतात, हा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव तिच्यात साठविलेला आहे. परंतु वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही कास्तकारास विचारले, तर तो या म्हणीला एक पुरवणी जोडील. कपाशीचे एकाच पिशवीतील बियाणे काळ्या कसदार जमिनीत पेरले आणि बरड जमिनीतही पेरले, तर दोन्हीकडे कपाशीच उगवते. मात्र झाडाची वाढ, बोंडांची संख्या आणि हाती येणारा कापूस यांत मोठी तफावत पडते. कपाशीच्या बियाण्यातून तूर उगवत नाही, हे बीजाचे सामर्थ्य होय. आणि त्याच बियाण्याचे दोन शेतांत दोन तऱ्हेचे पीक येते, हा भूमीचा, पाण्याचा व मशागतीचा प्रभाव होय.

माणसाचेही तसेच आहे. रक्तगट जनुकांनी ठरतो. तो आहाराने वा शिक्षणाने बदलत नाही. उलट, मूल कोणती भाषा बोलेल हे सर्वस्वी त्याच्या भोवतालच्या माणसांवर अवलंबून असते. बहुतेक गुण या दोन टोकांच्या मध्ये येतात. मुलाच्या उंचीची मर्यादा बव्हंशी आनुवंशिक असते, पण बालपणी पोषण अपुरे पडले व वारंवार आजार झाले, तर त्या मर्यादेपर्यंत ते पोहोचत नाही. विदर्भाच्या जिव्हाळ्याचा असा एक आजार आहे, की ज्यात बीज आणि भूमी यांचा हा संबंध विशेष स्पष्टपणे दिसतो. तो म्हणजे सिकलसेल.

एका अक्षराची चूक

या आजाराचे पहिले वैद्यकीय वर्णन 1910 मध्ये शिकागो येथे डॉ. जेम्स हेरिक यांनी केले. रुग्णाच्या तांबड्या रक्तपेशी त्यांना गोल न दिसता विळ्याच्या आकाराच्या दिसल्या. 1949 मध्ये लायनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये असल्याचे दाखविले. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष नेमका कोठे आहे ते शोधले. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत 146 घटक असतात. त्यांपैकी केवळ सहावा घटक बदललेला असतो. एखाद्या लांबलचक वाक्यात एकच अक्षर चुकावे आणि अर्थ पालटावा, तसा हा प्रकार आहे. भारतात नीलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष 1952 मध्ये आढळला, आणि त्यानंतर विदर्भातही त्याची नोंद झाली.

प्रत्येक व्यक्तीस हे जनुक दोन प्रतींत मिळते, एक आईकडून व एक वडिलांकडून. एकच प्रत सदोष असेल, तर ती व्यक्ती ‘वाहक’ होय. वाहकास सामान्यतः कोणताही त्रास नसतो. तो रुग्ण नव्हे. दोन्ही प्रती सदोष असतील, तर मात्र आजार होतो. पती व पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बालक रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के आणि पूर्णपणे निर्दोष असण्याची 25 टक्के असते. ‘चारांत एक’ याचा अर्थ एक मूल आजारी निघाले म्हणजे पुढील तीन निरोगी होतील, असा अनेकांचा समज होतो. तो चुकीचा आहे. नाणे प्रत्येक वेळी नव्याने उडवावे, तशी ही शक्यता प्रत्येक वेळी नव्याने लागू होते.

दोष टिकला कसा?

असे घातक जनुक पिढ्यानपिढ्या टिकले कसे? याचे उत्तर परिसरात सापडले. 1954 मध्ये ए. सी. अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखविले, की वाहक बालकांना गंभीर हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते. हिवतापाच्या प्रदेशात इतर मुले दगावत असताना वाहक मुले अधिक संख्येने जगली आणि त्यांच्याबरोबर हे जनुकही टिकले. म्हणजे डासांच्या परिसराने माणसाच्या रक्तात आपली खूण ठेवली. म्हणूनच हा एखाद्या जातीचा वा जमातीचा कलंक मानणे अज्ञानाचे आहे. विदर्भात तो आदिवासी बांधवांत तसा इतर अनेक समाजांतही आढळतो. मात्र हे संरक्षण वाहकापुरतेच आहे. प्रत्यक्ष रुग्णास हिवताप झाला, तर तो अधिकच धोकादायक ठरतो.

जनुक तेच, प्रकृती निराळी

दोन मुलांत हा दोष तंतोतंत सारखा असूनही एक मूल वारंवार रुग्णालयात दाखल होते, तर दुसरे नियमितपणे शाळेत जाते. याची कारणे दोन. पहिले कारण इतर जनुकांत आहे. गर्भावस्थेत बालकाच्या रक्तात निराळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते. ते पेशींना विळ्याचा आकार घेऊ देत नाही. म्हणूनच जन्मानंतर पहिले काही महिने आजार दिसत नाही. काहींच्या रक्तात हे हिमोग्लोबिन पुढेही बऱ्याच प्रमाणात राहते व त्रास सौम्य होतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध त्याचेच प्रमाण वाढविते. जनुक न बदलताही बाहेरून दिलेल्या औषधाने त्याचा परिणाम बदलतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

दुसरे कारण परिसराचे. शरीरातील पाणी कमी झाले, थंडी बाधली, अतिश्रम झाले वा जंतुसंसर्ग झाला, की पेशी वाकड्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ही पेशी 10 ते 20 दिवसांतच नष्ट होते आणि रक्तक्षय होतो. वर्ध्याच्या उन्हाळ्यात तहानलेले राहणे सर्वांनाच त्रासदायक असते. या मुलांसाठी ते वेदनेचे निमंत्रण ठरते.

गावाच्या हाती काय आहे?

जन्मतः मिळालेले जनुक गावाला बदलता येत नाही, परंतु परिसर बदलणे गावाच्या हाती आहे. शिक्षकांनी अशा मुलास वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्यावी. आजारामुळे मूत्रपिंडे लघवी दाट करू शकत नाहीत, सबब त्याला वारंवार बाहेर जाऊ द्यावे. भर उन्हात धावण्याची सक्ती करू नये व त्याची गैरहजेरी आळसात जमा धरू नये. ताप आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, हे पालकांना पुन्हा पुन्हा सांगावे. बालपणी दिले जाणारे पेनिसिलिन आणि न्यूमोनियाप्रतिबंधक लस यांनी प्राण वाचतात.

ग्रामपंचायतीने शुद्ध पाणी पुरविणे व डासांची उत्पत्तिस्थाने बुजविणे, ही कामे नित्याची आहेत. या मुलांच्या बाबतीत तेच औषधोपचार ठरतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये सिकलसेल आजाराचा समावेश आहे. पात्र रुग्णास प्रमाणपत्रासाठी खेटे घालावे लागू नयेत, ही दक्षता अधिकाऱ्यांनी घ्यावी. 2047 पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उरू नये, या उद्देशाने 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय अभियान सुरू झाले. बोरगाव मेघेच्या बाजूने पाहता, सेवाग्राम व सावंगी मेघे येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये जवळच आहेत. तेथवर जाण्याचा संकोच मात्र गावानेच घालवावयाचा आहे.

विवाहापूर्वी रक्ततपासणी करून घेणे हिताचे आहे. तिचा निष्कर्ष त्या दोघांचा असतो. तो चावडीवर चर्चिण्याचा विषय नव्हे. वाहकाचा विवाह निर्दोष व्यक्तीशी झाला, तर संततीस हा आजार होत नाही, एवढे प्रत्येक घरी ठाऊक असले, तरी कित्येक मुलींचे विवाह विनाकारण मोडणार नाहीत. दोघेही वाहक असल्यास त्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा. गर्भावस्थेतही तपासणीची सोय आहे; निर्णय मात्र त्यांचाच असावा.

बियाणे कसे आहे हे ओळखून कास्तकार मशागत ठरवितो. बियाण्याला दोष देत तो बांधावर बसून राहत नाही. सिकलसेलग्रस्त मुलांच्या बाबतीत गावाकडून तेवढ्याच शहाणपणाची अपेक्षा आहे.