पाया खणताना



घरबांधणी अग्रिम मंजूर झाला की आपण नकाशा, फरशी, रंग यांवर तासन्‌तास बोलतो. पायावर कोणी बोलत नाही. इटारसीत आम्ही घर बांधले ती जमीन काळी. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरच्या भिंतीला तडे जातात. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायचे. ४ फुटांवर मुकादम म्हणाला, "बस साहब, हो गया." आम्ही पहार मारून पाहिली, ती मातीतच रुतली. मुरूम आणखी दीड फूट खाली होता.

खोदाई ब्रासवर ठरवा, चर बुजण्याआधी माप स्वतः घ्या, काँक्रीटवर निदान ७ दिवस पाणी मारा. एवढे आम्ही नीट केले. चुकलो दुसरीकडे. मुकादमाला सगळी उचल दिली आणि मजुरांचे काय, हे विचारलेच नाही. तिसऱ्या शनिवारी बिगारी बाया प्लॉटवर उभ्या. दोन आठवड्यांची मजुरी त्यांना मिळालीच नव्हती. बोनससाठी फाटकावर घोषणा देणारे आम्ही, आणि इथे मालक! अग्रिमाचा पुढचा हप्ता जोते झाल्याशिवाय मिळणार नव्हता. सोसायटीचे कर्ज काढून मजुरी चुकती केली. त्यानंतर दर शनिवारी पैसे आमच्यासमोर, ज्याच्या त्याच्या हातात. मुकादम रुसला, पण काम सोडून गेला नाही.