टायरची जन्मतारीख

श्रोतेहो, मोटार कितीही महागाची असो, जमिनीला ती टेकते फक्त चार ठिकाणी. प्रत्येक ठिकाणची जागा साधारण आपल्या तळहाताएवढी. स्पोर्ट्स कारचं दांडगं इंजिन, तिचे ब्रेक, तिचं स्टिअरिंग, हे सगळं जे काही करतं ते या चार तळहातांमार्फतच. ते बदलायची वेळ येते तेव्हा आपण नक्षी पाहतो, किंमत विचारतो. टायरवर लिहिलेलं मात्र वाचत नाही. अक्षरांशीच आयुष्यभर संबंध आलेला माझ्यासारखा कविता लिहिणारा माणूस आज टायरवर बोलतो आहे, तो एवढ्यासाठीच.

30 नोव्हेंबर 2013 ची गोष्ट. ‘फास्ट अँड फ्युरियस’ चित्रपटांमुळे जगभर ठाऊक झालेला अभिनेता पॉल वॉकर कॅलिफोर्नियात सांता क्लॅरिटा इथं मित्राच्या शेजारी बसून निघाला होता. मोटार 2005 सालची पोर्शे करेरा जीटी. ती खांबाला आणि झाडांना धडकली आणि दोघेही गेले. पुढच्या मार्चमध्ये तपासाचा निष्कर्ष आला. ताशी 45 मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर मोटार 80 ते 93 मैलांच्या वेगात होती, हे मुख्य कारण. पण त्याबरोबर आणखी एक नोंद होती. मोटार फार चाललेली नव्हती, तरी तिचे टायर नऊ वर्षांचे जुने होते आणि त्यामुळे तिच्या पकडीवर परिणाम झाला असावा.

न चालता टायर म्हातारा कसा होतो? रबराला ऊन, उष्णता आणि हवा लागतच असते. त्यानं ते हळूहळू कडक होतं. कारखान्यात रबरात एक मेणासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. टायर फिरताना दबतो, वाकतो, तेव्हा ते पृष्ठभागावर येऊन त्याचं रक्षण करतं. उभ्या गाडीच्या टायरला हे संरक्षण कमी मिळतं. म्हणजे हौसेनं झाकून ठेवलेल्या, रविवारपुरत्या बाहेर काढलेल्या गाडीलाच हा धोका अधिक.

पुण्याच्या माझ्या भाच्यानं अशीच एक दोन आसनी बीएमडब्ल्यू झेड-फोर जुन्या बाजारातून घेतली. “मामू, टायर बघा ना, नक्षी अजून नवीकोरी आहे,” तो म्हणाला. आम्ही दोघं खाली बसलो आणि टायरच्या कडेचा मजकूर वाचू लागलो. ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. इथं होतं 1114. म्हणजे 2014 सालचा अकरावा आठवडा. नक्षी नवी होती, रबर मात्र दहा वर्षांपलीकडचं. अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात, आणि दहा वर्षांपुढे तर टायर बनवणारेही ते वापरू नका असंच सांगतात.

मग नवे घ्यायचे ठरले. पुढच्या टायरवर 225/40 आर 18, मागच्यावर 255/35 आर 18. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची. ‘आर’ म्हणजे रेडियल, आणि 18 इंचांची रिम. मागचे टायर रुंद असल्यामुळे पुढचे मागे, मागचे पुढे असली अदलाबदल या गाडीत करता येत नाही. त्यापुढचं अक्षर वेगाचं. व्ही म्हणजे ताशी 240 किलोमीटर, डब्ल्यू म्हणजे 270, वाय म्हणजे 300. “एवढ्या वेगानं जायचंय कुणाला?” असं म्हणून खालच्या अक्षराचा स्वस्त टायर घ्यायचा मोह होतो. पण ते अक्षर उष्णता सोसण्याच्या ताकदीचंही असतं. गाडीच्या पुस्तिकेत जे दिलंय त्याच्या खाली उतरू नये.

काही टायरांवर एक छोटीशी चांदणीही असते. बीएमडब्ल्यूनं आपल्या गाडीवर तपासून पसंत केलेल्या टायरची ती खूण. पोर्शेसाठी एन हे अक्षर असतं. ‘ट्रेडवेअर’चा आकडा मोठा असेल तर टायर झिजायला वेळ लागतो, पण पकड बहुधा कमी. जास्त टिकतो तो चांगला, हा आपला नेहमीचा हिशेब स्पोर्ट्स कारला लागू होत नाही.

खरा पेच होता तो रन-फ्लॅटचा. या गाडीला स्टेपनी नाही. तिचे मूळ टायर असे की हवा गेली तरी जाड कडेवर साधारण 80 च्या वेगानं 80 किलोमीटर जाता येतं. पण ते महाग असतात आणि खड्ड्यांत हाडं खिळखिळी करतात. साधे टायर घेतले तर प्रवास मऊ, पण पंक्चरचं सामान आणि हवेचा पंप जवळ बाळगावा लागतो, आणि कडेला चीर पडली तर त्याचाही उपयोग नाही. भाचा आणि सूनबाई ताम्हिणी घाटातून रात्री-अपरात्री कोकणात जाणारे. त्यांनी रन-फ्लॅटच घेतले, चारही एकाच बनावटीचे, आणि गेल्या काही महिन्यांत तयार झालेले. पहिले दोन-तीनशे किलोमीटर गाडी सबुरीनं चालवायची, कारण नव्या टायरचा वरचा गुळगुळीतपणा जायला तेवढा वेळ लागतो.

दुकानातला पोरगा म्हणाला, “साहेब, जुने आम्हाला द्या, नक्षी आहे, विकले जातील.” ते कुणाच्या गाडीला लागले असते, त्या गाडीत कोण बसलं असतं, हे आम्हाला कधी कळलंही नसतं. भाच्यानं चारही टायर समोर कापून घेतले. पैसे गेले, पण मला त्याचा अभिमान वाटला.

श्रोतेहो, तुमची गाडी साधी असेल, पण हे चार आकडे तिच्यावरही आहेत, आणि डिकीतल्या स्टेपनीवरही. नक्षीच्या खाचांत आडव्या उंचवट्याच्या खुणा असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की 1.6 मिलिमीटरच उरली असं समजावं. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. आणि नवा टायर घेताना दुकानदाराला पैसे देण्याआधी त्याची जन्मतारीख जरूर वाचावी.