अठराव्या वर्षीचे वाक्य, सत्ताविसाव्या वर्षीची शिक्षा



२ जून २०२१ रोजी लॉर्ड्सवर इंग्लंडचा वेगवान गोलंदाज ऑली रॉबिन्सन आपला पहिला कसोटी सामना खेळायला उतरला. त्याच दिवशी त्याची २०१२ आणि २०१३ सालची ट्विटरवरची वाक्ये बाहेर आली. ती वर्णद्वेषी होती, स्त्रियांना हिणवणारी होती, आणि लिहिली तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता. त्याने माफी मागितली, सामन्यात सात बळी घेतले, आणि सामना संपताच इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने त्याला निलंबित केले. पुढे शिस्तपालन आयोगाने आठ सामन्यांची बंदी घातली. त्यांपैकी पाच सामन्यांची शिक्षा दोन वर्षांसाठी स्थगित ठेवली, उरलेल्या तीन सामन्यांना तो आधीच मुकला होता. शिवाय ३,२०० पौंड दंड झाला. ऑगस्टमध्ये तो भारताविरुद्ध खेळला आणि त्या मालिकेत त्याने २१ बळी घेतले. वरवर पाहता निकाल समतोल वाटतो. मला खटकते ते निकालाआधीचे. ती वाक्ये आठ-नऊ वर्षे कुणालाही दिसतील अशी उघड्यावर पडून होती. तो मुलगा कौंटी क्रिकेट खेळत होता, त्याला प्रशिक्षक होते, व्यवस्थापक होते. त्या काळात ती वाक्ये कुणाच्याच लेखी अपराध नव्हती. तो प्रसिद्ध झाला त्या दिवशी ती अपराध झाली.

हा एकट्याचा योगायोग नाही. आंद्रे ग्रे या फुटबॉलपटूने २०१२ मध्ये समलिंगी व्यक्तींबद्दल अत्यंत हिंसक मजकूर लिहिला होता. २०१६ मध्ये त्याने बर्नलीकडून लिव्हरपूलविरुद्ध गोल केला, जुना मजकूर वर आला, आणि चार सामन्यांची बंदी व २५,००० पौंड दंड झाला. तो गोल झाला नसता तर ते शब्द आजही तिथेच असते, आणि ज्यांच्याविरुद्ध लिहिले त्यांना टोचतही राहिले असते. माझे म्हणणे इथून सुरू होते. शिक्षा शब्दांच्या पाठोपाठ गेली पाहिजे. आज ती प्रसिद्धीच्या पाठोपाठ जाते, म्हणून ती दुखावलेल्या माणसापर्यंत उशिरा पोहोचते आणि लिहिणाऱ्या मुलाला सुधारण्याच्या वयात गाठतच नाही.

याच्या उलट २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमधली दोन उदाहरणे पाहा. ग्रीसची तिहेरी उडीपटू वूला पापाख्रिस्तू हिने आफ्रिकी स्थलांतरितांची टर उडवणारे वाक्य लिहिले आणि उद्घाटनाच्या दोन दिवस आधी तिच्याच देशाच्या ऑलिम्पिक समितीने तिला संघातून काढले. दक्षिण कोरियाकडून हरल्यावर स्वित्झर्लंडचा फुटबॉलपटू मिशेल मॉर्गानेला याने कोरियन लोकांबद्दल वर्णद्वेषी मजकूर टाकला आणि त्यालाही घरी पाठवले गेले. दोघेही तेवीस वर्षांचे होते. ऑलिम्पिक हुकणे ही फार मोठी किंमत आहे, हे मी मान्य करतो. तरी या निर्णयांत एक सचोटी आहे. शब्द आणि शिक्षा एकाच आठवड्यातले, एकाच माणसाचे होते, आणि शिक्षेला शेवट होता. पापाख्रिस्तू परत आली आणि २०१८ मध्ये बर्लिनला युरोपीय विजेती झाली.

आता एका चौदा वर्षांच्या मुलीकडे वळू. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात शाळेच्या चिअरलीडिंगच्या वरच्या संघात निवड झाली नाही म्हणून तिने शनिवारी, शाळेबाहेर, स्नॅपचॅटवर शाळेला, खेळाला आणि साऱ्या जगाला शिवी हासडली. शाळेने तिला वर्षभरासाठी संघाबाहेर काढले. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २३ जून २०२१ रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने तिच्या बाजूने निकाल लागला. अपशब्द आणि द्वेष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणातून स्वच्छ दिसते. तिच्या शिवीने कुणा माणसाला त्याच्या जन्मावरून खाली ओढले नव्हते. ती हरलेल्या पोरीची चिडचिड होती. आपल्या मैदानांवर नेमके उलटे घडताना दिसते. तोंडातून शिवी निघाली की मुलाला पाच फेऱ्या मारायला लावतात, पण संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्याच्या जातीवरून, रंगावरून, मुलींच्या शरीरावरून चाललेली ‘मस्करी’ मोठ्यांच्या नजरेतूनही सुटते. आपल्या भाषेतल्या बहुतेक जहाल शिव्या आईबहिणीवरून आणि जातीवरून आहेत. म्हणून शब्द किती घाण आहे यापेक्षा तो कुणाला लागतो, हे आधी विचारले पाहिजे.

‘पोरवय आहे, सोडून द्या’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी इंग्लंडचा फुटबॉलपटू बुकायो साका याचे वय सांगेन. जुलै २०२१ मध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याची पेनल्टी अडवली गेली आणि त्याच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. लिहिणाऱ्याचे वय मोजायचे तर ज्याच्यावर लिहिले त्याचेही मोजा. वयाने दोष पुसला जात नाही, मात्र शिक्षेचे माप बदलते, आणि हे आपल्याच कायद्याने मान्य केले आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ‘नव्या सुरुवातीचे’ तत्त्व आहे. कायदा मोडलेल्या मुलाच्या मागील नोंदी, अपवादात्मक परिस्थिती वगळता, पुसल्या जाव्यात असे ते सांगते. चोरी केलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला जी संधी मिळते, ती वाईट वाक्य लिहिलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला नाकारणे कोणत्या न्यायात बसते? रॉबिन्सनच्या प्रकरणानंतर ‘विस्डेन’ या क्रिकेट प्रकाशनाच्या हाती इंग्लंडच्या आणखी एका खेळाडूचा जुना वर्णद्वेषी मजकूर लागला. लिहिताना तो सोळा वर्षांच्या आतला होता, म्हणून त्यांनी नाव छापले नाही. ही मर्यादा मला फार मोलाची वाटते.

जबर शिक्षेशिवाय धाक बसत नाही, असाही एक आक्षेप आहे. पण पंधराव्या वर्षी हातात फोन घेतलेला मुलगा सत्ताविसाव्या वर्षीच्या कसोटीचा हिशेब करत नसतो. धाक बसतो तो लगेच आणि नक्की होणाऱ्या शिक्षेचा. दूरच्या शिक्षेने मुले एवढेच शिकतात की वेळेवर खाते पुसून टाकावे.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि महाराष्ट्राने तरी तो हलका समजू नये. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला फेसबुकवरच्या एका मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्या संतापातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ रद्द केले. त्यातले शब्द इतके मोघम होते की काहीही त्यात बसवता येई. पोलीस ठाणे आणि निवड समिती यांत फरक आहे. संघाचा गणवेश घालणाऱ्याकडून संघाने काही अपेक्षा ठेवाव्यात, हे मला मान्य आहे. पण ‘खेळाची बदनामी’ यासारखी कलमे तितकीच मोघम आहेत. २०१९ च्या जानेवारीत दूरचित्रवाणीवरील स्त्रियांबद्दलच्या विधानांवरून भारताचे क्रिकेटपटू हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांना ऑस्ट्रेलियातून परत बोलावले, निलंबित केले, काही दिवसांतच निलंबन उठवले आणि एप्रिलमध्ये प्रत्येकी २० लाख रुपये दंड केला. माप आधी ठरलेले नसले की असे होते. तो दंड शहीद निमलष्करी जवानांच्या कुटुंबांना आणि अंध क्रिकेटपटूंच्या संघटनेला द्यायचा होता. कामे चांगलीच. पण अपमान झाला होता स्त्रियांचा, आणि त्या साऱ्या हिशेबात त्या कुठेच आल्या नाहीत.

म्हणून आपल्या जिल्हा आणि राज्य संघटनांनी हा नियम आधी लिहून काढावा, असे मला मनापासून वाटते. लिहिताना वय काय होते, शब्द कुणाविरुद्ध होते, मध्ये किती वर्षे गेली आणि त्या काळात तो खेळाडू कसा वागला, हे त्यात यावे. अठराच्या आतल्या मुलाचे नाव संघटनेने जाहीर करू नये. आज लिहिलेल्या द्वेषाची चौकशी आजच व्हावी, मग तो तालुका पातळीवरचा बारावा खेळाडू का असेना. आणि शिक्षेत ज्यांना बोलले गेले त्यांच्यासमोर बसून ऐकण्याचा भाग असावा, अर्थात त्यांची तयारी असेल तरच. हे सारे एका पानात, सोप्या मराठीत मावेल. मूल पहिल्यांदा नोंदणी अर्ज भरते त्या दिवशी आईवडिलांच्या उपस्थितीत ते पान त्याला वाचून दाखवावे, कारण बहुतेक मुलांच्या हातात त्या वयात फोन आलेला असतो. मसुदा समिती या सभेच्या आजच्या दुपारच्या सत्रात नेमावी, अशी सूचना मी अध्यक्ष या नात्याने मांडतो.