गौरीचा झोपाळा उतरताना
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, अक्षय्यतृतीयेनंतरच्या रविवारी महादेवपुरा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सण मांडावा कसा, यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. मांडलेला सण आवरावा कसा, यावर मात्र कोणी भाषण करीत नाही. ते काम मुकाट्याने होते, आणि बहुधा घरातील एकाच व्यक्तीच्या वाट्याला येते. आज त्या दुर्लक्षित कामाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

गुढी प्रतिपदेला सूर्यास्ताच्या सुमारास उतरते. तिचा संसार एका दिवसाचा. चैत्रगौरीचे तसे नाही. चैत्र शुद्ध तृतीयेला देवघरातील अन्नपूर्णा पितळी झोपाळ्यात बसते, ती वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत महिनाभर माहेरपण भोगते. कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे यांनी तिचे कोडकौतुक होते; अंगणात सूर्य-चंद्र, शंख-चक्र, गोपद्मे आणि कासव यांनी सजलेले चैत्रांगण उमटते. अक्षय्यतृतीयेला मात्र तिला निरोप द्यावा लागतो. रांगोळी पुसायची, झोपाळा सुटा करायचा आणि सारे पेटीत ठेवायचे.

या कामाला ऋतूची साथ असतेच असे नाही. महाराष्ट्रात जो वळीव, तोच इकडे आंबेसरी म्हणून येतो. बेंगळुरूच्या वसंताचा तर काहीच भरवसा देता येत नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये वेधशाळेत जवळजवळ पाऊस नोंदलाच गेला नाही, आणि त्याच्या आदल्या वर्षी, 21 मे 2023 रोजी, शहराने गारांसह वादळी पाऊस अनुभवला. माझी एक भाची कॅनडात असते. तिच्याकडे चैत्रातही बर्फ पडते. गुढी खिडकीच्या काचेआड उभी राहते आणि गौरीचे सामान आवरताना बाहेरची झाडे पांढरी असतात. ऋतू कसाही असो, पितळ कोरडे करूनच ठेवावे लागते, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

आपल्या शेजाऱ्यांकडे पाहावे. 1882 मध्ये अँग्लो-इंडियन लोकांसाठी वसवलेले व्हाइटफील्ड येथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि आज आपल्या इमारतींतून केरळची अनेक ख्रिस्ती कुटुंबे राहतात. 21 मार्च रोजी वा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा रविवार म्हणजे ईस्टर. तोही चंद्राच्या गतीवर चालणारा सण असल्यामुळे पुष्कळदा आपल्या चैत्राच्या आसपास येतो. 2025 साली 20 एप्रिलला ईस्टर झाला, तेव्हा आपली गौर झोपाळ्यातच होती. 30 एप्रिलला ती उतरली. त्या पंधरवड्यात एकाच जिन्यावर शेजारची रंगीत अंडी आणि आमचा झोपाळा हे दोन्ही खोक्यांत जात असलेले मी पाहिले. जुन्या म्हैसूरच्या घरांतून दसऱ्याला बाहुल्या मांडतात. त्या आवरण्यापूर्वी एखादी बाहुली आडवी निजवतात, आणि मग बाकीच्यांची बांधाबांध होते. लाकडी राजाराणीची जोडी आई मुलीला लग्नात देते. आवरण्यालाही विधी आहे, हे या लोकांनी ओळखले, याचे मला मोठे कौतुक वाटते.

केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्या चुकत नाहीत. माझ्या घरची पेटी अनेक गावे हिंडली. त्या अनुभवावरून काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. पितळेची भांडी चिंचेने घासून, पुसून, उन्हात पूर्ण वाळवूनच ठेवावीत. चांदी मऊ सुती कापडात गुंडाळावी. जरीच्या खणाची घडी दर काही महिन्यांनी बदलावी, म्हणजे जर एकाच रेषेवर तुटत नाही; डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. साखरेची गाठी मात्र साठवूच नये. दमट हवेत ती पाघळते. ती मुलांना वाटून टाकावी, हेच तिचे सार्थक. निर्माल्य झाडाच्या बुंध्याशी घालावे.

परंतु याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. सप्टेंबर 2022 मध्ये याच महादेवपुऱ्यातील कित्येक वस्त्यांत पाणी शिरले, हे आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. आपल्यातील एका कुटुंबाच्या तळमजल्यावरील पलंगाखाली गौरीची पेटी होती. पितळ वाचले. खण गेला, आणि त्याबरोबर सासूबाईंच्या हातची एक वहीही गेली. तीत चैत्रांगणातील चिन्हांचा क्रम, झोपाळ्याच्या कड्या जोडण्याची रीत आणि आरतीनंतरची कहाणी लिहिलेली होती. पितळ बाजारात मिळते. ती वही कोठून आणणार? सासूबाई त्यापूर्वीच निवर्तल्या होत्या. पुढल्या चैत्रात गौर बसली. पण चैत्रांगण निम्मेच उमटले.

घरापासून दूर राहणाऱ्या आपणां सर्वांची ही स्थिती आहे. गावी विसरलेली रीत शेजारच्या वाड्यात विचारता येते. येथे विचारायला शेजारचा वाडा नाही. मुले मांडणीच्या दिवशी छायाचित्रे काढतात. आवरताना ती घरात नसतात. परंतु प्रत्येक वस्तूचे नाव याच वेळी उच्चारले जाते: समई, चौरंग, तबक, निरांजन, कडी. हातात वस्तू आणि ओठावर शब्द, अशी दोन्हींची गाठ पडते, तेव्हाच भाषा मुलाकडे जाते. जी वस्तू कोणी हाताळीत नाही, तिचे नावही हळूहळू पुसले जाते.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. यापुढे अक्षय्यतृतीयेला घरातील सर्वांनी, पुरुषांनी आणि मुलांनीही, एकत्र बसून गौर आवरावी. मुलाने वा मुलीने पेटीतील प्रत्येक वस्तूची यादी स्वतःच्या हाताने देवनागरीत लिहावी आणि रीतीची एक वही करावी. तिची एक प्रत पेटीत ठेवावी, दुसरी परगावच्या आप्ताकडे पाठवावी, आणि तिसरी मंडळाच्या कपाटात जमा करावी. येत्या चैत्रापर्यंत अशा पंचवीस वह्या जमल्या, तर मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचे ते उत्तम स्मारक ठरेल. पहिली वही आमच्या घरची असेल. ती लिहिण्याचे काम माझ्या नातीने अर्धे केले आहे, आणि चौरंग शब्दातील अनुस्वार कोठे द्यायचा, हेही ती शिकली आहे.