मुलांचे व्यसन आणि घरातील अबोला

(बेळगाव येथे मंडळाच्या पालक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आपण नेहमी सीमाप्रश्नावर बोलतो. मराठी फलक, मराठी परिपत्रके, मराठी शाळांची पटसंख्या हे आपले विषय. ते महत्त्वाचे आहेतच. पण ज्या पोरांसाठी आपण भांडतो, ती शाळा सुटल्यावर कुठे उभी असतात हे आपण विचारतो का? आज मी त्याविषयी बोलणार आहे. आणि दुसऱ्याच्या पोराकडे बोट दाखवून नव्हे.

मी तीस वर्षे शिक्षक होतो. वर्गात तंबाखूचे दुष्परिणाम शिकवायचो आणि मधल्या सुट्टीत तंबाखू मळायचो. घरी पुडी संपली की मुलाला हाक मारायचो, "जा रे, कोपऱ्यावरून घेऊन ये." आठवीत असताना तो स्वतःच गुटखा खाऊ लागला. त्याच्या आईला शर्टाच्या वासावरून दोन महिने आधी कळले होते. पण मी पोराला फोडून काढीन या भीतीने ती गप्प राहिली. मला कळले तेव्हा मी खरोखरच पट्टा काढला. त्या दिवसापासून मुलगा माझ्याशी बोलेनासा झाला. गुटखा मात्र सुटला नाही. चार वर्षांनी डॉक्टरांकडे नेले तेव्हा त्याचे तोंड जेमतेम दोन बोटे उघडत होते. सुपारी-गुटख्याने तोंडातली आतली त्वचा ताठर होते, ती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. आज तो तिशीत आहे. गुटखा सोडून बरीच वर्षे झाली, पण आईच्या हातचा झणझणीत रस्सा त्याला अजून सोसत नाही.

ते दोन महिने मला आजही छळतात. आमच्या घरात धाक होता, पण खरे सांगायची सोय नव्हती. काही घरांत याच्या उलट असते. मागेल तेवढे पैसे मिळतात, पण "कुठे होतास?" असे कोणी विचारत नाही. दोन्ही घरांतले पोर शेवटी टपरीवरच्या सोबत्यांपाशीच मन मोकळे करते. नियमही हवा आणि मायाही हवी. एकट्याने भागत नाही.

हे आपल्याच गल्लीचे दुखणे नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखू वापरणारे निघाले. कर्नाटकात २०१३ मध्ये गुटख्यावर बंदी आली. तरी पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन पोरे एकत्र करतातच.

पण यातून वाट निघते. आइसलँड या छोट्या देशात १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागच्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. तिथे कायदे कडक केले, मुलांना खेळ आणि कलेसाठी मदत दिली. पण त्याचबरोबर शाळाशाळांतून पालकांनी एकत्र येऊन लेखी करार केले: मुले रात्री ठरल्या वेळी घरी येतील, आणि आपण त्यांना जास्त वेळ देऊ. एकट्या बापाने नियम केला तर मुलगा म्हणतो, "बाकीच्यांना चालते." सगळ्या गल्लीने केला तर तोंड उघडायला जागा नाही.

म्हणून मंडळापुढे चार गोष्टी ठेवतो.

पहिली, कोणीही मुलाला तंबाखू, सिगारेट वा दारू आणायला पाठवू नये. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत ती विकणे, दोन्ही गुन्हा ठरवले; कर्नाटकात २०२५ पासून वयाची ही मर्यादा २१ वर्षे आहे. आपल्या शाळांभोवतीच्या टपऱ्यांबद्दल मंडळाने महापालिकेला निवेदन द्यावे. फलकासाठी देतो तसेच.

दुसरी, रात्रीचे एक जेवण सगळ्यांनी मिळून, मोबाईल बाजूला ठेवून.

तिसरी, गल्लीतल्या पालकांनी मुलांच्या घरी येण्याची एकच वेळ ठरवावी. गणपतीच्या दिवसांतही ती पाळावी, आणि मिरवणुकीत पिऊन आलेल्या मोठ्यांना आधी बाहेर काढावे.

चौथी, संशय आला तर हात उगारू नका. जवळ बसवा, पूर्ण ऐकून घ्या, मग डॉक्टरांकडे न्या. सरकारची १४४४६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. बदनामीच्या भीतीने दिवस घालवू नका.

आपण म्हणतो, मराठी टिकली पाहिजे. ती आधी घरात, बाप-लेकाच्या बोलण्यात टिकते. माझ्या घरात ते बोलणे चार वर्षे बंद होते. तुमच्या घरात आज रात्रीच सुरू करा, एवढीच विनंती.